दोन फायलींची बांधी

खुमेंद्रने शोधचौकटीत 'नूतन' लिहिलं आणि बटण दाबलं. एकशे बारा ठिकाणी सापडली.

त्याने खुर्ची मागे सरकवली. फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत पंखा तेवढा कुरकुरत होता. प्रोग्राम तयार होता. राइस मिलच्या काट्यावर धानाचा ट्रक चढला की वजन आपोआप टिपून घेणारा. पण तो वर्गमैत्रीण नूतनच्या लॅपटॉपवर तयार झाला होता. कुठली फाइल कुठल्या फोल्डरातून आली, त्याचा अख्खा पत्ता लॅपटॉपने सवयीप्रमाणे प्रोग्रामच्या पोटात ठेवून दिला होता. प्रत्येक पत्ता तिच्या नावावरून जात होता.

चार वाजता मिलमध्ये दाखवायचं होतं. तिथला कॉम्प्युटरवाला फाइल उघडून बघणार होता. आणि खुमेंद्र मॅनेजर दुर्गाप्रसादला सांगून बसला होता, सगळं मी एकट्यानं केलं. नोकरीची जागा एकच होती.

धानाच्या रोवण्याला, लावणीला, गावाकडे गोरेगावला घरी जाताना नूतनने लॅपटॉप त्याच्या हाती दिला होता. "सांभाळजो," एवढंच म्हणाली होती.

त्याने एक ओळ लिहिली: तिच्या नावापर्यंतचा पत्ता जिथे येईल तिथे नुसता ठिपका ठेव. मग प्रोग्राम नव्याने तयार करायला लावला. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. त्याने तांब्या तोंडाला लावला, रिकामा झाला तरी पुन्हा लावला.

पुन्हा शोधलं. नूतन: शून्य.

पत्त्यांची शेपटं मात्र उरली होती. तो एकेक वाचू लागला. धानाच्या प्रत्येक बांधीला, शेताच्या तुकड्याला, घरात नाव असतं. तिने फोल्डरांना तीच नावं दिली होती. तळ्याखालची बांधी. मोहाची बांधी. आजीची बांधी. वजन एकीत, पावती दुसरीत, हिशेबाने पेरल्यासारखं. सगळ्यात खाली एक लहानशी, दोनच फायलींची.

खुमेंद्रची बांधी.

त्या दोनच त्याने लिहिल्या होत्या. सबंध प्रोग्रामात आता एकाच जिवंत माणसाचं नाव होतं, आणि तेही तिने ठेवलेलं.

त्याने माउस बाजूला सारला. मग नूतनला फोन लावला. पलीकडे बायांचा गलका होता, चिखलातल्या पावलांचा आवाज.

"बोल लवकर. हात भरले आहेत माहे."

"पत्ते पुसले."

"बरं केलं. मीच सांगणार होती. आपल्या घरची वाट लोकाइले कायले दाखवाची?"

खुमेंद्रने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नूतन, माही बांधी काऊन अलग ठेवली?"

"मंग? तुह्यं तुह्या नावानं नको का? उद्या कोनी म्हनन, सारं नूतननंच केलं." ती हसली. मागून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवू?"

"चार वाजता मिलमध्ये येशील?"

"मी? रोवणा टाकून? काऊन, तुह्यानं एकट्यानं नाही होत का?"

पंखा कुरकुरत होता. पडद्यावरचे ठिपके ओळीने उभे होते.

"नाही झालं," तो म्हणाला.

गलका थोडा दूर गेला. ती बांधावर चढली असावी.

"पाय धुतो," नूतन म्हणाली. "दोनची गाडी भेटन."