पहिल्या माणसाची जागा

"तुझा पणजोबा या दगडाखाली नाही, पोरी. पण दगड बोलत नाही. तूही बोलू नकोस."

आजीचा हा आवाज ऑर्फाने लहानपणी ऐकला होता, पिओनीच्या कळ्यांवरच्या मुंग्या झटकता झटकता. नेब्रास्काच्या या टेकडीवर वारा तेव्हाही गवत विंचरत होता, आजही विंचरतो.

टेकडीवर आद्य वसाहतकऱ्यांची दफनभूमी. घटसर्पाने नेलेली लेकरं, हिमवादळात वाट चुकलेले बाप, बाळंतपणात संपलेल्या आया, सगळे खांद्याला खांदा लावून दाटीवाटीने निजलेले. मधोमध मात्र लोखंडी कठड्यात ऐसपैस जागा अडवून एझ्रा हॅडली: 'या भूमीवर पहिला आला, या भूमीत पहिला निजला.' दर मे महिन्यात, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, त्याची पणती म्हणून ऑर्फाच्या छातीवर निळी फीत लावत आणि तिला पहिल्या खुर्चीवर बसवत. तीही मान ताठ ठेवून बसे. मान कोणाला नको असतो?

पण गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा वर्नन गेला. शेवटची उरलेली जागा त्याला मिळाली, कठड्याला अगदी खेटून.

"काकू, आता इथं जागा नाही हो," दफनभूमी समितीची लोरीन यंदाच्या फुलांच्या दिवशी कॉफीच्या रिकाम्या डब्यात फुलं खोचत म्हणाली. "वर्ननकाकांच्या एका अंगाला पाण्याची चारी, दुसऱ्या अंगाला एझ्राबाबा. तुमच्यासाठी हायवेजवळच्या नव्या जागेत बघू. सपाट आहे, गाड्या लावायची सोय आहे."

"मला गाडी नाही लावायची गं. नवऱ्याशेजारी निजायचंय."

"मग काय संस्थापकाच्या अंगावर झोपणार?"

कठड्यात कुठे जागा उरलीय का ते बघायला लोरीनने डेल्बर्टला हाक मारली. वाकवलेल्या दोन तारा हातात धरून कबरी शोधून देणारा डेल्बर्ट कठड्यात शिरला. तारा थरथरल्या, एकमेकींवर आल्या.

"उंच माणूस," त्याने जाहीर केलं. "पाय पूर्वेला. शांत झोपलाय."

"घोरतोय का, तेही सांग," ऑर्फा म्हणाली.

"चेष्टा नको, ऑर्फा. उभ्या जन्मात माझ्या तारा चुकल्या नाहीत."

"कधी उकरून पाहिलंस?"

"उकरायचं कशाला? तारा आहेत ना."

ऑर्फाने वर्ननच्या मातीकडे पाहिलं. गवत अजून नीट धरलं नव्हतं. थंडीच्या रात्री तो कुरकुरायचा, 'तुझे पाय म्हणजे बर्फ,' आणि मग स्वतःच ते आपल्या पोटऱ्यांत ओढून घ्यायचा. आता ते पाय हायवेजवळ, परक्या माणसांत?

पाद्रीबाबांनी प्रार्थना संपवली. "आता एझ्रांची पणती दोन शब्द बोलेल."

ऑर्फा उठली. निळी फीत सोडवून तिने खुर्चीवर ठेवली.

"इथं एझ्रा नाही," ती म्हणाली. "तो दारूगुत्त्यातल्या बाईबरोबर ऑरेगॉनला पळाला. टाकलेल्या बाईला सरकार जमीन देत नव्हतं, विधवेला देत होतं. म्हणून माझी पणजी विधवा झाली. शवपेटीत त्याचे फाटके बूट आहेत आणि मोडक्या नांगराचा फाळ. त्यांना जरा सरकवा. मला जागा हवी आहे."