रांगेतल्या चपला

धायरीच्या मथुराबाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घ्यायला तिसऱ्यांदा कचेरीत आल्या होत्या. पाय सुजलेले, म्हणून त्याच्याच मोठ्या चपला घातलेल्या. सगळ्यांसारख्या त्यांनीही नंबर धरायला त्या कारकुनाच्या खिडकीसमोर रांगेत ठेवल्या आणि पायरीवर टेकल्या. तेवढ्यात रांगा कमी करायचा हुकूम घेऊन नवे साहेब आले. शिपायानं चपला पोत्यात भरल्या, साहेबांनी मोकळ्या व्हरांड्याचा फोटो काढला. झालं, संपली रांग!

मथुराबाई अनवाणीच खिडकीशी गेल्या. "माझा अकरावा नंबर हाय."

"रांगच नाही, तर नंबर कसला? उद्या या," कारकून म्हणाला.

"मग चपला तरी द्या. आमच्या मालकांच्या हायेत."

कारकुनानं मानही वर केली नाही. "ज्यांच्या आहेत, त्यांनाच पाठवा."