बेसिकच्या डाव्या बुटाचा सूड

मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, डाव्या पायाचा. माझा मालक बेसिक, जॉर्जियाचा. आघाडीला खेळायचा आणि पोटासाठी देशोदेशी गोल करत फिरायचा. त्याच्याबरोबर मी कझाकांच्या बर्फात गोठलो, ताजिकांच्या धुळीत भाजलो आणि शेवटी फरगाना खोऱ्यातल्या एका उझबेक गावच्या संघात येऊन पडलो. गोल झाला की गाव आम्हाला डोक्यावर घ्यायचं. संघाचे कपडे धुणारी ओयदिन-ओपा, म्हणजे ओयदिनताई, मला प्रेमाने तेल लावायची.

मग बेसिकचे गोल आटले. एका दुपारी प्रशिक्षक एरगश-अकांनी, म्हणजे एरगशदादांनी, त्याला सगळ्यांसोबत चहाला बसवलं. मी उंबऱ्याशी होतो. अकांनी त्याचा पियाला काठोकाठ भरला. बेसिकने छातीवर हात ठेवून आभार मानले, वर आणखी मागितला. बाकीचे माना खाली घालून बसले.

बाहेर ओपाने त्याला गाठलं. "हसतोस काय रे?"

"अकांनी मान दिला, ओपा. काठापर्यंत चहा."

"गाढवा, मान द्यायचा तर घोटभर ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला म्हणजे पी आणि चालू लाग."

"मग तोंडाने सांगायचं ना."

"तेवढं तोंड असतं तर सांगितलं असतं."

मित्रांनो, त्याचे कान तापले आणि माझी शिवण.

तो शेजारच्या गावच्या संघात गेला. हंगामाचा शेवटचा सामना आमच्या जुन्याच मैदानावर आला. हरला तर जुना संघ खालच्या गटात घसरणार होता.

"त्या म्हाताऱ्याला मोकळा सोडा," एरगश-अका ओरडले, "त्याच्याने काय होतंय."

चेंडू माझ्याकडे आला. माझा तळ उसवला होता, पण मी दात आवळले. गोल झाला. जुन्या संघाविरुद्ध गोल केला तर नाचायचं नाही, असा खेळाडूंचा रिवाज आहे. बेसिक नाचला नाही. अकांसमोर गेला, छातीवर हात ठेवला आणि सावकाश वाकला. इतकं गोड मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि सामना जिंकल्यावर त्याने आम्हा दोघा भावांना, मला आणि उजव्याला, कचऱ्याच्या डब्यात टाकलं. शब्दही न बोलता. नवे बूट पिशवीत तयारच होते.

ओपाने आम्हाला घरी नेलं, पोटात माती भरली आणि तुळशीसारख्या सुगंधी रैहानची रोपं लावली. पुढे बेसिकचा फोन आला.

"ओपा, नवे बूट टाच सोलतात. जुने आहेत का गं?"

ओपाने माझ्याकडे पाहिलं. "आहेत. पण आता ते माझ्याकडे नोकरीला आहेत."

त्याची टाच सोलली याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, जुन्याला घालवायचं तर खुशाल घालवा. पण समोर उभं राहून सांगा, त्याने केलेल्या कामाचं नाव घ्या. आम्ही सोसतो खूप, पण विसरत काहीच नाही.