पडद्याआडची सुई

लालासाहेब हवालदारांशी माझं पहिल्यापासून कधी जमलं नाही. माणूस दवाखान्यात शिरला की आधी मिशी आत यायची, मग काठी, मग ते स्वतः. पलटणीतून सुटून वर्षं लोटली होती, तरी बोलणं परेडच्या मैदानावरचंच. बाकावर कुणी सरकून जागा केली तर बसायचे नाहीत. दारात उभं राहून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं विचारायचे, "शिस्टर, डाक्टर हाईत न्हवं? सुई त्येंच्याच हातची पायजे. दुसरं कुनी चालायचं न्हाई, आदीच सांगतू."

दुसरं कुणी म्हणजे डॉक्टरांची भाची, आमची शरयू. ती तपासायच्या टेबलाच्या पडद्यापासून चार हातांवर उभी असायची आणि सगळं ऐकायची. माझं टाळकं सटकायचं. पण दवाखान्यात पेशंटला बोलायचं नाही असा डॉक्टरांचा दंडक, म्हणून मी आपली उकळत्या पाण्यातल्या सुयांवर राग काढायची.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या आसपासची. कराडच्या शनिवार पेठेत डॉक्टर विष्णुपंत आगाशे यांचा दवाखाना होता. पुढे दवाखाना, मागे त्यांचं राहतं घर. मी सांगलीची, नर्सिंग करून तिथे लागले ती तिथलीच झाले. औषधाच्या खिडकीत मधु कंपाउंडर. आमच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं पार कोयनेकाठच्या वाड्यावस्त्यांपर्यंत बोललं जायचं. लोक औषधाचं नाव विचारत नसत, सुई डॉक्टरांनी दिली का, एवढंच विचारत. डॉक्टर सुई टोचायचे आणि बाहेर काढली की मोठ्यांदा म्हणायचे, "हं, झालं!" ते ऐकलं की निम्मा आजार तिथेच पळायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय, उगीच नाही सांगत.

आणि त्याच माणसाच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजव्या हातात काही राम उरला नाही. मग त्यांची भाची शरयू, तीही शिकलेली डॉक्टर, मिरजेच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून आली. पोरगी हुशार, हात हलका, स्वभाव मामासारखाच अबोल. लोक तिला घसा दाखवायचे, ताप दाखवायचे, पण सुई म्हटलं की उठून उभे. "डाक्टर बरं झालं की यीन, बाई."

डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसायला लागले त्या दिवशी अंबूबाई आली. जुनी दम्याची पेशंट. म्हणाली, "तुमच्या हातची सुई मिळाली, आता मी जगते बघा." डॉक्टरांना मोह पडला. सुई हातात घेतली, हात लटलटला आणि सुईची काचेची नळी फरशीवर पडून फुटली. अंबूबाईने पाहिलं नाही, ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी दुसरी सुई भरली, शरयूच्या हातात दिली आणि डोळ्यांनीच दटावलं, टोच. तिने टोचली. आणि मी डॉक्टरांकडे बघून मान हलवली. त्यांनी फुटक्या काचांवरची नजर उचलली आणि म्हणाले, "हं, झालं!"

अंबूबाई खूश होऊन गेली. त्या दिवसापासून आमचा तोच शिरस्ता पडला. कमरेत सुई घेणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो, त्याला मागचं काय दिसतंय? पडदा ओढायचा, टोचायचं शरयूने, "हं, झालं" म्हणायचं डॉक्टरांनी. खोटं होतं, मान्य. पण कुणाचं वाईट झालं का? मला आजही त्याची लाज वाटत नाही.

शरयूला मात्र ते खुपायचं. "गोदाताई, मी काय चोरून डॉक्टरकी करायची? किती दिवस?"

"तुझे मामा खुर्चीत येऊन बसतात ना, तितके दिवस," मी म्हणायची. "ते एक वाक्य काढून घेतलंस तर उद्या ते अंथरुणातून उठायचे नाहीत." यावर ती पुढच्या पेशंटसाठी पडदा ओढायची.

मग ऊसतोडीच्या दिवसांत लालासाहेबांच्या नातीला कुत्रं चावलं.

विजयमाला तिचं नाव, सगळे विजू म्हणत. सहा-सात वर्षांची, काडीसारखी. आई नाही, बाप पलटणीत लांब कुठे सरहद्दीवर. जी काही होती ती आजोबांची. लालासाहेब तिला खांद्यावर टाकून नदीपलीकडून नावेने, मग चालत आले होते. पोटरीला दात लागलेले. कुत्रं पिसाळलेलंच होतं, लोकांनी ते मारून टाकलं होतं. शरयूने जखम साबणाने पुन्हापुन्हा धुतली आणि सांगितलं, पोटात चौदा सुया, रोज एक, खाडा चालणार नाही.

लालासाहेब तिच्याकडे बघेचनात. डॉक्टरांना म्हणाले, "तुमी सुया देनार आसाल तर रोज आनतो. न्हाईतर आमच्या वरच्या आळीला कुत्र्याचं इख उतरिवनारा बुवा हाय. पोरीला तिकडं नेतो."

मिरजेला शिकताना मी पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक माणूस पाहिला होता. तहानेने तडफडत होता आणि पाण्याचा पेला बघून किंचाळत होता. एकदा ते सुरू झालं की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. डॉक्टरांनाही हे ठाऊक होतं. ते म्हणाले, "मीच देईन, लालासाहेब. तुम्ही बाहेर बसा."

पडदा ओढला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोटात सुई घेणारा माणूस उताणा झोपतो! पोरगी टकामका तिघांकडे बघत पडलेली. हिला काय फसवणार? आणि ही बाहेर जाऊन एक शब्द बोलली की म्हातारा हिला उचलून बुवाकडे चालता होणार.

डॉक्टर तिच्या उशाशी स्टुलावर बसले. डाव्या हातात तिचा हात घेतला. "विजू, माझा हा हात बिघडलाय बघ. म्हणून सुई ही ताई देणार. पण तू डोळे मिट आणि माझा हात दाब. दुखेल तितका जोरात दाब. मला लागलं तरी मी रडणार नाही, तुला लागलं तरी तू रडायचं नाही. आणि हे आपल्या दोघांतच हं."

पोरीने डोळे गच्च मिटले. शरयूने सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, "हं, झालं!" बाहेरून लालासाहेबांचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

ती रोज येऊ लागली. आणि काय सांगू तुम्हाला, डॉक्टर बदलले हो. सकाळी लवकर उठून दाढी करून बसायचे. मधुला विचारायचे, "आली का रे माझी पेशंट?" डाव्या हाताच्या बोटांना पोरीच्या नखांचे वण उठले होते, ते आम्हाला कौतुकाने दाखवायचे. शरयूसुद्धा किती दिवस म्हणून विचारायची थांबली. लालासाहेब दारात काठी टेकून उभे असायचे, तसेच ताठ, तोच सवाल तितक्याच मोठ्याने करत. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायची, बसा तोऱ्यात, तुमची पोर जगतेय ती ज्या हाताने, त्याच हाताला तुम्ही नको म्हणता.

निम्म्या सुया झाल्या असतील नसतील, आणि पहाटे डॉक्टरांच्या अंगावरून दुसऱ्यांदा वारं गेलं.

या खेपेला वाचाही गेली. डोळे उघडे होते, माणूस ओळखत होते, डाव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. सांगलीहून मोठे डॉक्टर येऊन गेले, हलवू नका म्हणाले. मागच्या खोलीत त्यांची खाट होती. मी त्यांचं तोंड पुसत होते आणि माझे डोळे थांबत नव्हते. रडू येत होतंच, पण मनात दुसरंही चाललं होतं. विजू येईल, आता काय करायचं?

मधु म्हणाला, "सांगू, डॉक्टर आत आहेत, पडदा ओढू."

"आणि 'हं, झालं' कोण म्हणणार? तू?" मी खेकसले.

शरयू म्हणाली, "मी खरं सांगणार आहे. मामांचं नाव गेलं तर जाऊ दे. पोरीची सुई चुकता कामा नये." एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिची दया आली आणि अभिमानही वाटला.

पण मी तिला पुढे जाऊ दिलं नाही. म्हटलं, आज पेशंटला बोलायचं नाही हा दंडक मी मोडणार. आज या हवालदाराला धरून झापते. कमरेला पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिले. पेठेत बातमी पसरलेलीच होती. बाकावरची माणसं हळू आवाजात बोलत होती.

लालासाहेब आले. विजूचं बोट धरलेलं. आज काठी नव्हती.

"लालासाहेब," मी सुरू केलं, "आधी माझं ऐकून घ्या. डॉक्टर आजारी आहेत. पण पोरीला तुम्ही बुवाकडे नेलंत तर माझ्याशी गाठ आहे. मी तुमच्या गावात येऊन तुमच्या दारात बसेन. आजवर सुया ज्यांनी दिल्या त्या..."

"बाईंनी दिल्या," लालासाहेब म्हणाले. "मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पैल्याच दिशी पोरीनं सांगिटलं. घराकडं जाताना, नावंत." विजू लगेच म्हणाली, "मी फकस्त आज्जाला सांगिटलं, दुसऱ्या कुनाला न्हाई." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लय राग आला हुता, शिस्टर. खोटं बोलू न्हाई मी. म्हनलं, उद्याच्याला जातो आन् समद्यांची हजेरी घेतो. आलो बी तसाच. पडदा जरा सरकल्याला हुता. आत बघितलं तर डाक्टर पोरीचा हात धरून बसल्यालं. त्येंचं तोंड बघितलं आन् मागं फिरलो."

"का?" मागून शरयूने विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलंच नाही.

लालासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. "बाई, पलटन सोडून मी गावात आलो, तवा सकाळी उटून करायचं काय, ह्येच कळंना. दोन वर्सं मला कुनी कायबी इचारलं न्हाई. बंदूक धरल्याला हात नुसता काठी धरून बसायचा. डाक्टरांचं तसं व्हाया नगं, म्हनून कळल्यावर बी रोज तसंच मोट्यानं इचारत हुतो. त्येंनी ऐकावं म्हनून. तुमास्नी लागत आसंल, ते मला कळत हुतं. माफी करा."

शरयूने पदराने डोळे पुसले. आणि मी? मी झापायला खोचलेला पदर सोडून टाकला. एवढे दिवस आम्ही या माणसाला फसवतोय म्हणून आत हसत होतो आणि तो बाहेर उभा राहून आमच्याच डॉक्टरांना सांभाळत होता.

"सुई काढा, बाई," लालासाहेब म्हणाले. "उशीर नगं."

शरयूने सुई भरली. विजू टेबलाकडे गेली, पण वर चढेना. रिकाम्या स्टुलाकडे बघत उभी राहिली. "डाक्टरआज्जा कुटं हाय?"

"आजारी आहेत बाळ, आत झोपलेत."

"मग मी तितं सुई घिनार."

मी नको म्हणणार होते. आजाऱ्याच्या खोलीत लहान पोर कशाला? पण शरयूने ट्रे उचलला आणि मला म्हणाली, "गोदाताई, चटई टाका." मी खाटेला लागून चटई टाकली. डॉक्टरांनी आम्हाला पाहिलं. ट्रे पाहिला, विजूला पाहिलं, दारात उभ्या राहिलेल्या लालासाहेबांना पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. तोंड उघडून काही म्हणायचा प्रयत्न केला, नुसता घरघर आवाज आला. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरलं.

विजू चटईवर उताणी झोपली. परकर सैल केला. मग हात वर करून खाटेवरून लोंबणारा डॉक्टरांचा डावा हात तिने धरला. वण उठलेली ती बोटं तिच्या मुठीत पुरी मावत नव्हती.

"रडायचं न्हाई हं," ती त्यांना म्हणाली. "डोळं मिटा. आन् माजा हात दाबा. दुखंल तेवडा जोरात दाबा."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

शरयूने सुई टोचली. पोर हलली नाही. सुई बाहेर काढून शरयूने कापूस दाबला, आणि आम्ही सगळे तसेच थांबलो. लालासाहेब, मी, औषधाची खिडकी सोडून आलेला मधु. रोजच्या त्या एका वाक्यासाठी आमचे कान सवयीने टवकारलेले. डॉक्टरांचे ओठ नुसते हलत होते.

विजू उठून बसली. हात तसाच धरून त्यांच्या कानाशी वाकली आणि चांगलं मोठ्यांदा, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "हं, झालं!"