चार फरहात आणि एक सफाई

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते आजवर कोणालाही खरं वाटलेलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही. तरी पोरांनो, माझ्या डोक्यावर उड्या मारणं थांबवा आणि ऐका.

मी एक जुना संगणक आहे. आज समुद्रकाठच्या महदिया गावातल्या या बोळात जिन्याखाली पडलो आहे आणि माझ्या पोटात मांजर व्यालं आहे. पण एके काळी माझा पंखा सुरू झाला की समोरच्या गच्चीवरची धुणी वाळत. मी तापलो की मालक माझ्या पाठीवर पाव शेकून घेत. हसू नका, पाव चांगला खरपूस होई.

माझे मालक सी तिजानी, सी म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. तेव्हा कोणाच्या खिशात कॅमेरा नसे. बोटीच्या परवान्यासाठी फोटो हवा म्हणून कोळी त्यांच्या स्टुलावर येऊन बसत. प्रत्येकाचा चेहरा त्याच्या घराच्या कप्प्यात, त्याच्या नावाने माझ्यापाशी जपलेला असे. लोक म्हणत, "तिजानीच्या डब्यात सगळं गाव आहे." तेव्हा माझी छाती फुगे.

मालकांना एकच व्यसन होतं, छोट्या छोट्या प्रोग्रामांचं. शेजारचा चहावाला लामीन कुठून तरी फुकटच्या सीड्या आणी आणि मालक त्या लगेच माझ्या घशात घालत. एक प्रोग्राम पडद्यावर मासे पोहवी. एक चहाच्या वेळी कोंबड्यासारखा आरवे. त्यांची खरी गरज कोणालाच नव्हती. एके दिवशी लामीन नवी सीडी नाचवत आला.

"अरे तिजानी, ही बघ! एकसारख्या फायली शोधते आणि जादाच्या फेकून देते. तुझं गाढव घोडा होईल."

"आत काय आहे ते बघून फेकते ना?"

"बघते, पण तोवर तुझी दाढी पांढरी होईल. तिथे 'नुसती नावं बघा' असं आहे, त्यावर टिचकी मार आणि मोकळा हो."

मालकांनी टिचकी मारली. प्रोग्रामने विचारलं, नक्की ना? चहातले बदाम चावत मालकांनी होकार दिला.

आता ऐका. आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हाताऱ्या फरहात घर्बीला चार मुलगे, आणि चौघांचाही थोरला फरहात घर्बीच! प्रोग्रामने त्यातला एक ठेवला आणि तिघांना जादा ठरवलं. "बघ कसा पळतोय!" म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली.

त्याच हिवाळ्यात सार्डिन मासे धरायला गेलेली एक बोट परत आली नाही. तिच्यावर त्या चौघांतला एक फरहात होता. त्याची आई मन्नूबिया, जिला सगळे खालती, म्हणजे मावशी, म्हणत, स्टुडिओत आली.

"तिजानी, लेका, माझ्या फरहातचा फोटो मोठा करून दे. लहानपणीचे आहेत माझ्याकडे. मिशी फुटल्यावरचा तुझ्याकडचाच तेवढा."

मालकांनी नाव शोधलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. ती पडद्याजवळ वाकली.

"हा नव्हे रे. हा माझ्या न्हावी दिराचा फरहात. हा जिवंत आहे, आत्ताच पाव घेताना भेटला. मला गेलेला हवाय."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी लामीनकडून पुसलेलं परत आणणाऱ्या सीड्या मागवल्या. एक हरली की दुसरी, दुसरी हरली की तिसरी. पण पुसलेल्या फोटोंची जागा मोकळी समजून प्रत्येक नवा प्रोग्राम तिथेच बिऱ्हाड थाटत होता. शोधणारेच उरलंसुरलं तुडवत होते. हे मला कळत होतं, पण मला विचारतो कोण?

खालती बाजारातून जाताना त्याच स्टुलावर येऊन टेके.

"सापडला का रे?"

"उद्या, खालती."

"तुझा उद्या म्हातारा झाला, तिजानी. मला त्याचे डोळे आठवतात. हनुवटी आठवेनाशी झाली."

मालकांना ते ऐकवेना. ती येताना दिसली की ते मागच्या दाराने निघून जात. पुढे त्यांनी स्टुडिओच बंद केला आणि मला इथे आणून टाकलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्र 'नक्की ना?' असं विचारतं तेव्हा हातातला पेला खाली ठेवा. आवडत्या माणसाचा फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि काही हरवलं तर त्याच जागी नवं काही भरू नका.

पण असे तोंड पाडून बसू नका. पुढची गंमत तर राहिलीच! एका दुपारी मी इथूनच असा शिंकलो, की बोळातली सगळी कबुतरं उडाली आणि माझ्या तोंडातून फरहातचा फोटो बाहेर पडला. अगदी मिशीसकट! खालतीने तो छातीशी धरला. सोनेरी चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर टांगला. आजही येता-जाता ती त्याच्याशी बोल—

"खोटं!" पोरांच्या घोळक्यातली ओल्फा ताडकन उठून उभी राहिली. "मी खालतीच्या शेजारीच राहते. तिच्या भिंतीवर नुसता खिळा आहे."