देवाशी अबोला

पाच महिने मी देवाशी अबोला धरला होता. बाया सासूशी धरतात, जावेशी धरतात, मी थेट वरच्याशीच धरला. आणि मी एकदा अबोला धरला की आधी समोरच्यानं बोलायचं, ही माझी रीत. देव झाला म्हणून त्याला सूट नाही.

कारण सांगते. आमचे हे, आमोस, घोडेगावच्या बाजारात म्हशींचे दलाल. माणूस लई बोलका. बाजारातून आले की फाटकापासूनच "हेलनऽ" अशी हाक, की शेजारच्या झुंबरबाईची कोंबडी दचकायची. मग जेवेपर्यंत बडबड. रविवारी चर्चमध्ये भजनाला हेच पुढे. पंचवीस वर्षं मी म्हणत आले, "अहो, घटकाभर गप्प बसा ना!"

आणि जूनमध्ये एका सकाळी दात घासता घासता हे कोसळले. नगरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. पाय सावरला, हात सावरला, वाचा तेवढी गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "आ... आ...". डॉक्टर म्हणाले, "येईलही, सांगता येत नाही."

आयुष्यभर देवाकडे हजार गोष्टी मागितल्या, आणि ह्यांना म्हटलेलं "गप्प बसा" तेवढं बरं ऐकू गेलं त्याला! मी घरी आले, बायबल फडक्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. घरात प्रार्थना बंद, गाणं बंद. चार लोकांत ह्यांचं "आ आ" मला बघवलं नसतं, म्हणून चर्चही बंद. हे रविवारी घंटा ऐकून तिकडे बोट दाखवायचे, मी ताट आपटायची. सॅमसन पाळक दोनदा आले, दोनदा दारातूनच परत पाठवले. मला काही नको होतं. ह्यांनी एकदा फाटकातून हाक मारावी, बस.

पण आमच्या मंडळीत घरसभेची पाळी असते. दर बुधवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना. यादी जानेवारीतच लागते आणि मग काही झालं तरी बदलत नाही. ऑक्टोबरात आमची पाळी आहे हे मी साफ विसरले होते. दार वाजलं म्हणून उघडलं, तर दहा-बारा बायका, मागे संकोचलेले पाळक आणि सगळ्यांच्या पुढे छबूबाई. वय ऐंशी, रविवारशाळेत आम्हा सगळ्यांना शिकवलेली. पाळकसुद्धा तिला वचकून असतात. तिच्या एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात साखरेची पुडी.

"मावशी, आमच्या घरी प्रार्थना नको, असं मी पाळकांना आधीच सांगितलं होतं."

"त्यांला सांगितलं आसंल. यादीला कुटं सांगितलं? दूद आमचं, साकर आमची. तू निस्तं आदन ठिव."

"माझं देवाशी भांडण आहे."

"आसू दे की. भांडन हाय म्हंजे वळक हाय. सरक."

आता ऐंशी वर्षांच्या बाईला ढकलायचं कसं? सरकले. आत जाऊन गॅसपाशी पाठ करून उभी राहिले. बाहेर गाणं झालं, बायबलचं वचन झालं. शेवटी प्रभूची प्रार्थना, लहानपणापासून सगळ्यांना पाठ असलेली. आमच्याकडे ती घरधन्यानं सुरू करायची आणि बाकीच्यांनी धरायची. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. पाळक घसा खाकरून म्हणाले, "मी करतो."

"घरधनी बसलाय न्हवं समोर?" छबूबाई म्हणाली. "थांबा की."

माझं डोकंच फिरलं. आदण तसंच सोडून मी बाहेर आले. माझ्या नवऱ्याची थट्टा मांडलीय का, असं विचारणारच होते. पण ह्यांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते. "आ..." म्हणाले आणि अडकले. तेव्हा छबूबाईनं आपल्या चिरक्या आवाजात सुरुवात केली, लहान पोरांना शिकवायची तशीच, संथ, ठेक्यात. बायकांनी धरली. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" ही ओळ आली.

"भाकर," हे म्हणाले.

अगदी स्पष्ट. बायका थांबल्या, हे थांबले नाहीत. एकेक शब्द ओढत थेट शेवटापर्यंत गेले, आणि बाजारात सौदा ठोकावा तसं "आमेन" ठोकलं. मी तिथंच बघत राहिले. आत चहाचं आदण आटून गेलं.

पण "आमोसभाऊ, कसं वाटतंय?" असं पाळकांनी विचारलं, तर पुन्हा "आ... आ...". दुसऱ्याच दिवशी नगर गाठलं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. बोलणं जातं, पण गाणं आणि लहानपणचं पाठ कधीकधी शाबूत राहतं. त्याच्याच आधारानं बोलायला शिकवा. घरात गाणं-प्रार्थना चालते ना?"

"चालायची. मीच बंद केली," मी म्हटलं. रुसले होते देवावर आणि तोंड बांधलं होतं ह्यांचं! चार महिने बिचारा माणूस चर्चकडे बोट दाखवत होता. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

तेव्हापासून आमच्या घरात सगळं चालीवर चाललंय. चहा चालीवर, टॉवेल चालीवर. झुंबरबाई कुंपणावरून विचारते, "काय गं, सकाळधरनं भजन?" मी म्हणते, "नाही बाई, बनियन मागतायत."

बायबल कपाटावरून खाली आलं, ह्यांच्यासाठी. माझा अबोला तसाच होता. रीत म्हणजे रीत.

काल दुपारी ह्यांना पिठलं-भाकरी वाढली. एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि भजनाच्या चालीत सुरू झाले, "हे-लन... हे-लनऽ... मीठ... ना-ही..."

पाच महिन्यांनी माझं नाव ऐकलं मी. तशीच स्वयंपाकघरात गेले, तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडले. मग वर बघून म्हटलं, "बोललास बाबा एकदाचा! पण सुरुवात मिठावरून करायची होती का?" आणि तोंड उघडलंच आहे तर पाच महिन्यांचं सगळं सांगून टाकलं. राग सांगितला, भीती सांगितली, चूक कबूल केली, उपकार मानले. पिठलं पार निवलं. बाहेरून चालीवर "भाकर... भाकर..." सुरू झालं, तेव्हा कुठे मी आमेन म्हटलं.