पावसात जायची परवानगी

याघूबकाका दारातच थांबले. बाहेर पाऊस, त्यांच्या हातात माझी छत्री, आणि हॉस्पिटलमधून नुकताच फोन आलेला: तूबाकाकूंकडे फार वेळ उरलेला नाही, लगेच या.

"काका, चला ना. कार समोरच पार्क केलीय," मी म्हणाले.

"पाऊस आहे. आम्हाला मनाई आहे."

अमेरिकेत, एडिसनमधल्या या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. ते इराणमधले ज्यू, मी चिपळूणची तसनीम परकार. ईदला माझ्या शेवया सगळ्यात आधी त्यांच्या घरी जायच्या, आणि साखर कमी पडली म्हणून काका दर वर्षी नाक मुरडायचे. त्यांना मूलबाळ नाही. गेल्या वर्षापासून काकांना आजचं काही आठवेनासं झालं होतं. मन लहानपणच्या गावात जाऊन बसलं होतं.

पावसाचं मला तूबाकाकूंनीच एकदा सांगितलं होतं. इराणच्या जुन्या शहांच्या राज्यात ज्यूंनी पावसात बाहेर पडायचं नाही. त्यांच्या अंगावरून ओघळलेलं पाणी मुसलमानाला लागलं तर तो बाटतो. पुढे ते शहा गेले, कायदेही बदलले, तरी काकांची आजी आभाळ भरून आलं की नातवंडांना आत घेऊन कडी लावायची.

ऐकून माझं डोकं फिरलं होतं, पण रागवायचं कोणावर? माझे अब्बा इतिहासाचे मास्तर. सुलतानांनी देवळांना दिलेल्या इनामांच्या गोष्टी ते छाती फुगवून सांगायचे. त्या खोट्या नव्हत्या. पण ही पावसाची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. त्यांना ठाऊक होती का, हे विचारायला आता ते नाहीत.

"काका, हे न्यू जर्सी आहे. इथे कोण अडवतंय तुम्हाला?" माझा आवाज चढला. "काकू वाट बघतायत, प्लीज."

काकूंचं नाव ऐकून त्यांचे डोळे भरले. एक पाय उंबऱ्याबाहेर आला आणि परत आत गेला. मग त्यांनी मला निरखून पाहिलं.

"तू मुसलमान ना?"

"हो, काका."

"मग लांब उभी राहा. तुला माझं पाणी लागेल."

मी समजावलं, रागावले, हात धरायला गेले तर ते भिंतीला चिकटले. तिकडे काकू एकट्या. एकच उपाय उरला होता आणि तो मला मुळीच नको होता. मी ताठ उभी राहिले.

"मी मुसलमान आहे," मी म्हणाले. "मी तुम्हाला परवानगी देते. जा पावसात."

ते लगेच निघाले. मान खाली, भिंतीच्या कडेकडेने, अंग चोरून. कारमध्येही ओला कोट आवरून पार दाराला टेकून बसले. मी त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी घाबरून सोडवून घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा काकू गेल्या होत्या. आत्ताच, असं नर्स म्हणाली. काका पलंगाशी बसून त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळले, तेही मान खाली घालूनच.

"तू भली आहेस," ते म्हणाले. "मला येऊ दिलंस."

माझ्या शेवयांना नाक मुरडणारा हा माणूस. तसं म्हणू नका काका, असं ओठांवर आलं होतं. पण बाहेर पाऊस थांबला नव्हता आणि त्यांना घरी न्यायचं होतं. मी नुसती मान हलवली.